डिस्कच्या पाकिटावरचं वय: एका वाढदिवसानंतर दोन घरांत काय झालं

हे प्रकरण ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलात घडलं. दोन्ही कुटुंबांच्या संमतीने लिहिते आहे. नावं, व्यवसाय आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. मी समुपदेशक म्हणून यात आले ती वाद पेटल्यानंतर, त्यामुळे सुरुवातीचा भाग दोन्ही घरांनी सांगितलेला आहे. जिथे दोघांचं सांगणं जुळलं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

अर्णव अकरा वर्षांचा, सहावीत. आई मेधा बँकेत. बाबा प्रसाद भिवंडीच्या गोदामांचं काम बघतात, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. दुपारी घरात आजी. ईशान दहाचा, पाचवीत, शेजारच्या इमारतीत राहतो. त्याची आई शर्वरी घरून काम करते. वडील जहाजावर असतात आणि या सगळ्या काळात ते समुद्रावरच होते. मेधा आणि शर्वरी यांची मैत्री मुलं बालवाडीत असल्यापासूनची, एकमेकींच्या घरच्या चाव्या एकमेकींकडे ठेवण्याइतकी.

डिसेंबरमध्ये अर्णवचा मामा न्यू जर्सीहून आला. येताना त्याने प्लेस्टेशन ५ आणला आणि तीन डिस्क: एक फुटबॉल, एक स्पायडरमॅन आणि एक ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’. शेवटची डिस्क भाच्याने व्हिडिओ कॉलवर नाव सांगून मागितली होती. ‘सगळ्यांकडे आहे,’ असं तो म्हणाला होता. मामाच्या स्वतःच्या मुली लहान आहेत, घरात गेम नाहीत, त्यामुळे त्याने यादीतली वस्तू म्हणून ती घेतली. अमेरिकेतली बहुतेक मोठी दुकानं सतरा वर्षांखालच्या मुलाला असा गेम विकत नाहीत. पण घेणारा चाळिशीचा गृहस्थ असल्यावर दुकानदार काय अडवणार?

प्लेस्टेशन सुरू करायचं काम अर्णवच्या आतेभावाने केलं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीत आला होता. खातं उघडताना खरी जन्मतारीख टाकली तर आधी पालकाचं खातं मागतं, मग त्याचा ईमेल, मग पडताळणी. प्रसाद कामावर होते, मेधा बँकेत, आणि मामा असेपर्यंत गेम चालू झालेला बघायची सगळ्यांना घाई. त्याने जन्मसाल १९९८ टाकलं. पाच मिनिटांत काम झालं आणि घरच्यांनी त्याचं कौतुक केलं. त्या क्षणापासून यंत्राच्या लेखी अर्णव पंचविशी ओलांडलेला माणूस होता. पुढचे आठ दिवस आतेभाऊ स्वतः रात्री जागून खेळला आणि कथेच्या बऱ्याच पुढे पोहोचलेला आपला सेव्ह केलेला खेळ तसाच ठेवून पुण्याला गेला.

वाढदिवसाचा शनिवार

अर्णवचा वाढदिवस जूनमध्ये. त्या दिवशी पाऊस असा लागला की खाली खेळायचा बेत बारगळला. केक कापून, वडापाव खाऊन झाल्यावर सहा मुलं आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. बाहेर हॉलमध्ये मेधा आणि दोघी-तिघी आया. शर्वरीची मीटिंग असल्याने ती ईशानला सोडून परत गेली होती.

खोलीत कंट्रोलर एक आणि मुलं सहा. नियम असा, की मेलास की पुढच्याला द्यायचा. आतेभावाचा खेळ जिथे थांबला होता तिथून सुरुवात झाली आणि फिरत फिरत कंट्रोलर ईशानच्या हातात आला, तेव्हा पडद्यावर खुर्चीला बांधलेला एक माणूस होता. ज्यांना हा गेम माहीत आहे त्यांच्या लक्षात येईल. सरकारी यंत्रणेच्या सांगण्यावरून एका माणसाचा छळ करायचा, असा तो प्रसंग आहे. टेबलावर हत्यारं मांडलेली असतात आणि कुठलं उचलायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. पकड घेतली तर दात उपटायचा, आणि तोही बटणं दाबून, ओढत. सिनेमात असा प्रसंग आला तर दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांवर हात ठेवतो. इथे हात कंट्रोलरवर होते आणि मागून पाच जण ‘खेच, खेच’ म्हणून ओरडत होते.

ईशान घरी आला, जेवला नाही, लवकर झोपला आणि दीडच्या सुमाराला उठून आईच्या खोलीत आला. शर्वरीने त्याचं वाक्य मला शब्दशः सांगितलं: “तो सांगतो म्हणत होता गं, तरी दात काढल्याशिवाय गेम पुढे जातच नव्हता.”

मुलाने हिंसा पाहिली म्हणून तो घाबरला, असं आपण पटकन म्हणतो. ईशानला रक्ताची भीती वाटत नव्हती. त्या माणसाला मीच दुखवलं आणि त्याचा काही गुन्हा नव्हता, ही बोच त्याला झोपू देत नव्हती.

मेसेज

शर्वरीने रात्रीच नेटवर शोध घेतला. गेम १७ वर्षांवरच्यांसाठी आहे, युरोपात तर १८, हे वाचून तिचा संताप झाला. सकाळी साडेसहाला तिने संकुलातल्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं: ‘आपल्या इथे काही घरांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १८+ गेम खेळायला दिले जातात, तेही दुसऱ्यांची मुलं आलेली असताना. पालक झोपलेत का?’ नाव नव्हतं. पण आदल्याच दिवशी ग्रुपवर वाढदिवसाचे फोटो पडले होते.

मेधाने ते रविवारी सकाळी उठल्यावर वाचलं. तिचं म्हणणं असं की मला आधी एक फोन आला असता तर मी धावत गेले असते. शर्वरी म्हणते की पहाटे दोनदा मिस्ड कॉल दिला होता. मेधाच्या फोनवर तो दिसत नाही. यावर दोघींचं आजही एकमत नाही आणि मी ते करायच्या फंदात पडले नाही.

मेधाने ग्रुपवर उत्तर दिलं, ‘आमच्या घरात काय चालावं ते आम्ही बघू.’ मग ज्याला जे सुचलं ते त्याने लिहिलं. एका आईने सोसायटीने नोटीस काढावी म्हटलं, दुसरीने मोबाईलवरच्या बंदुकीच्या खेळांची यादी टाकली, तिसरीने संस्कारांचा विषय काढला. आठवडाभरात वाढदिवसाला आलेल्या मुलांपैकी तिघांना अर्णवकडे जायची बंदी झाली. खाली खेळताना मुलं अर्णवला ‘जीटीए’ अशी, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या आद्याक्षरांनी, हाक मारू लागली. त्याने खाली उतरणं सोडलं आणि तो जास्त वेळ त्याच प्लेस्टेशनपुढे बसू लागला. शर्वरीने माझ्याशी संपर्क साधला तो ईशानच्या झोपेसाठी. मेधाचा फोन दोन दिवसांनी आला, अर्णवसाठी. दोघींना एकमेकींचं सांगून, त्यांच्या परवानगीने, मी दोन्ही घरांशी बोलू लागले.

शिक्का होता, वाचला कोणी?

पहिल्या बैठकीत मी ती डिस्क बघायला मागितली. पुढच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकोनात ‘एम’ आणि त्याखाली ‘१७+’. मागच्या बाजूला कारणं: तीव्र हिंसा, रक्तपात, नग्नता, तीव्र लैंगिक आशय, अश्लील भाषा, दारू आणि अमली पदार्थ. मेधाने ती सहा महिन्यांत पहिल्यांदाच उलटून वाचली. प्रसादनी वाचली नव्हती, पण गेम थोडा पाहिला होता. “गाड्या पळवायचा गेम आहे,” असं ते मला म्हणाले. आजींनाही तसंच वाटलं होतं. “मधूनच ढिशूम ढिशूम यायचं, पण ते टीव्हीवर पण येतंच की.”

हे शिक्के कुठून येतात, हे इथे थोडं सांगायला हवं, कारण बैठकीतला निम्मा वेळ त्यातच गेला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या हिंसक खेळांवरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करेल या धास्तीने उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःचंच ईएसआरबी हे मंडळ काढलं. पेगी ही युरोपातली शिक्क्यांची पद्धत २००३ पासून आहे. कंपनी गेममधला आशय प्रश्नावलीत नोंदवते, त्यातले सगळ्यात जहाल भाग चित्रफितीवर पाठवते आणि मंडळाचे परीक्षक ते पाहून शिक्का ठरवतात. कंपनीने दाखवलं नाही तर काय होतं याचंही उदाहरण ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्याच मालिकेतलं आहे. ‘सॅन अँड्रियास’मध्ये लपवलेला लैंगिक प्रसंग उघडकीला आला तेव्हा २००५ मध्ये तिचा शिक्का ‘एम’वरून ‘केवळ प्रौढांसाठी’वर नेला गेला.

प्रसादनी विचारलं, कायदा काय म्हणतो? प्रश्न रास्त होता. कॅलिफोर्नियाने लहान मुलांना हिंसक गेम विकण्यावर कायद्याने बंदी आणली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेगीचे १२, १६ आणि १८ हे शिक्के दुकानदारावर बंधनकारक आहेत. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, ओटीटीवरही २०२१ च्या नियमांनी वयोगट दाखवावे लागतात. गेमच्या डिस्कला असा स्वतःचा भारतीय शिक्का नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा गाजला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. थोडक्यात, डिस्क दारातून आत आल्यावर घरातल्या माणसांखेरीज तिला अडवणारं कोणी नव्हतं.

आणि घरातली माणसं विभागलेली होती. माझ्या मते या प्रकरणाची मेख इथे आहे. विकत घेणारा मामा, खातं उघडणारा आतेभाऊ, दुपारी घरात असणाऱ्या आजी, आणि निर्णय घेण्याचा हक्क असलेले दोघे दिवसभर बाहेर. प्रत्येकाला वाटत होतं की हे दुसऱ्या कोणीतरी बघितलं असेल. ‘पालक झोपलेत का’ हा शर्वरीचा प्रश्न म्हणूनच मेधाला झोंबला. ती झोपली नव्हती, पण ते बघणं आपलं काम आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रसादचा एक युक्तिवाद मी गंभीरपणे घेतला. “आम्ही पण लहानपणी कॉन्ट्रा खेळलो, आम्ही काय गुंड झालो का?” अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचीही २०२० मधली भूमिका अशी आहे की हिंसक गेममुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, आक्रमक वागण्याशी मात्र छोटासा संबंध दिसतो. त्यामुळे ‘मुलगा बिघडेल’ हा मुद्दा मी कुठल्याच बैठकीत मांडला नाही. त्याने प्रसादशी वाद वाढला असता आणि तो वाद मी हरले असते. मी फक्त ईशानचं वाक्य त्यांना ऐकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “हा प्रसंग त्यात आहे हे मला माहीत नव्हतं.”

समोर असलेले पर्याय

सोसायटीची नोटीस. सेक्रेटरींनी मला फोन करून मसुदा मागितला होता. नोटीस काढणं सोपं होतं, पण बंद दाराआड कोणता गेम चालतो हे बघायला कोण जाणार? शिवाय नोटीस लागली की ती अर्णवच्या नावाने लागली असं सगळं संकुल वाचणार. मी नको म्हटलं. सेक्रेटरींनाही ते टळलं तर हवंच होतं.

प्लेस्टेशन विकणं. हे प्रसादनी पहिल्याच दिवशी रागाच्या भरात जाहीर केलं होतं आणि ऑनलाइन जाहिरातही टाकली होती. मेधाचा विरोध होता. माझाही. मित्रांनी तोडलेल्या मुलाकडे दुपारी करण्यासारखी तीच एक गोष्ट उरली होती, आणि चूक मोठ्यांची असताना वस्तू त्याची जाणार होती.

फक्त डिस्क काढून घेणं. सगळ्यांना हेच पुरेसं वाटत होतं. अडचण अशी की खातं १९९८ च्या जन्माचंच राहिलं असतं. उद्या दुकानातून दुसरी डिस्क आली किंवा ऑनलाइन काही उतरवलं तर यंत्राने काहीच विचारलं नसतं.

मुलाचं नवं खातं. पालकाच्या खात्याखाली खऱ्या वयाचं खातं उघडायचं, वयाची पातळी, खेळायचा वेळ, अनोळखी लोकांशी बोलणं आणि खर्च यांना मर्यादा घालायच्या. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय पक्का होता. किंमत अर्णवने मोजायची होती. सहा महिने जमवलेला त्याचा फुटबॉल संघ जुन्या खात्यावर होता. तिथे बसून जन्मतारीख बदलता येते का हे प्रसादनी पाहिलं. सेटिंगमधून ते जमेना, कंपनीच्या मदत-कक्षाशी पत्रव्यवहार करावा लागला असता आणि त्याची खात्री नव्हती.

या संघाबद्दल मोठ्यांच्या बोलण्यात एक तुच्छता होती. “खोटे खेळाडू आहेत ते,” असं आतेभाऊ म्हणाला, ज्याने खोटं जन्मसाल टाकलं होतं. अर्णव त्यावर रडला. त्या बैठकीत तो एवढंच म्हणाला की वाढदिवसाला कोणता गेम लावायचा हे त्याने ठरवलं नव्हतं, दुसऱ्या एका मुलाने हट्ट धरला होता. ते खरं निघालं.

काय ठरलं, काय केलं

निर्णयाच्या बैठकीला मी दोन माणसांचा आग्रह धरला: आजी आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आतेभाऊ. प्रसादना आजींना ओढणं पटत नव्हतं. पण दुपारी चार ते सात घरात त्याच असतात, त्यांना वगळून ठरलेला कुठलाही नियम सातपर्यंतही टिकला नसता. आजींनी सुरुवातीलाच सांगितलं, “मला पोलीस करू नका. मी नाही म्हटलं तर तो माझ्याशी बोलत नाही, आणि मला दिवसभर दुसरं कोण आहे बोलायला?” हे ऐकून बैठकीची दिशा बदलली. वेळ संपल्याचं सांगायचं काम माणसाकडून काढून यंत्राकडे द्यायचं ठरलं. प्लेस्टेशनमध्ये मुलाच्या खात्याला रोजचा वेळ ठरवून देता येतो, आणि तो संपला की नुसती सूचना द्यायची की खात्यातून बाहेरच काढायचं हेही निवडता येतं. मेधाने दुसरा पर्याय निवडला.

कुटुंबप्रमुखाचं खातं कोणाच्या ईमेलवर उघडायचं, यावर थोडी गंमत झाली. प्रसादनी गृहीत धरलं होतं की त्यांच्याच. मेधाने विचारलं, मुलाने परवानगी मागितल्याची सूचना दुपारी तीनला आली तर गोदामात फोन बघणार का? खातं मेधाच्या ईमेलवर उघडलं.

मग आतेभावाने, या वेळी खऱ्या जन्मतारखेने, अर्णवचं खातं उघडलं. वयाची पातळी कडक ठेवली आणि स्पायडरमॅनला वेगळी परवानगी दिली. याच गेमवरून प्रसादना शिक्क्यांची मर्यादाही कळली: अमेरिकेत तो १३ वर्षांपासून चालतो, युरोपात १६. ‘फोर्टनाइट’चं नेमकं उलटं, अमेरिकेत १३ आणि युरोपात १२. म्हणजे शिक्का बघून थांबायचं नाही, गेम कसा आहे ते कोणीतरी बसून बघायचं. स्पायडरमॅन प्रसादनी एका रविवारी अर्णवबरोबर तासभर खेळून बघितला आणि मग परवानगी दिली. अर्णवला या सगळ्यात तेवढीच एक गोष्ट आवडली.

फुटबॉलच्या बाबतीत उलट सावधगिरी लागली. युरोपातला शिक्का पाहिला तर तो गेम तीन वर्षांच्या मुलालाही चालत होता. पण त्यात खेळाडूंची बंद पाकिटं खऱ्या पैशांनी विकत घेता येतात आणि आत कोण निघेल ते नशिबावर. डिस्कच्या पाकिटावर तशी सूचना होती, पण तिने वयाचा आकडा वाढलेला नव्हता. ऑनलाइन खेळताना समोरचा काय बोलेल याला रेटिंग लागू नाही, हे तर ईएसआरबी स्वतःच छापतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या सेटिंगमधून बंद केल्या.

शेवटचा मुद्दा कोणाच्या डोक्यातच नव्हता. यंत्राच्या निर्बंधांना चार आकडी पासकोड असतो आणि कारखान्यातून तो चार शून्यं असाच येतो. बदलला नाही तर मुलगा नवा वापरकर्ता तयार करून पुन्हा १९९८ मध्ये जन्म घेऊ शकतो. आतेभाऊ हसून म्हणाला, “हा त्याला माहीत आहे, मीच सांगितला होता.” मेधाने पासकोड बदलला, पाहुण्या खात्याने शिरायची सोयही बंद केली आणि जुनं खातं यंत्रावरून काढलं. ‘एम’ची डिस्क आतेभावाकडे पुण्याला गेली.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी केल्या. ईशानशी माझी स्वतंत्र सत्रं झाली. त्यात मी त्याला ‘ते खोटं होतं’ हे एकदाही सांगितलं नाही, कारण ते त्याला माहीत होतं. लेखकाने तो प्रसंग मुद्दाम असा लिहिलाय की छळाने काही साधत नाही हे मोठ्या माणसाला टोचावं, आणि तुला ते टोचलं म्हणजे तू नीट बघितलंस, एवढं त्याच्या भाषेत सांगितलं. दुसरी गोष्ट मेधाने आपणहून केली. ती शर्वरीकडे गेली, ईशानला समोर बसवलं आणि म्हणाली, “तो गेम आमच्या घरात असायला नको होता. ते बघायचं काम माझं होतं.” अर्णवला तिने बरोबर नेलं नाही. ते मला योग्य वाटलं.

आयांच्या ग्रुपसाठी एक साधी रीत सुचवली: घरी मुलं बोलावताना गेम लागणार असेल तर त्याचं नाव आमंत्रणातच लिहायचं. केक एगलेस आहे ना, हे विचारताना आपल्याकडे कोणालाच संकोच वाटत नाही. कोणी उद्धट म्हणत नाही, कोणी संस्कार काढत नाही. तसंच ‘काय खेळणार आहेत?’ हे विचारता यावं, एवढाच हेतू होता.

परिणाम

ईशानची झोप काही आठवड्यांत पूर्ववत झाली. दिवाळीत त्याने स्वतः प्लेस्टेशन मागितला आणि शर्वरी मला जरा रागानेच फोन करून म्हणाली, “आता काय करू?”

नव्या खात्यावर अर्णवने पहिले दोन आठवडे फुटबॉलला हातच लावला नाही. नंतर पुन्हा संघ जमवायला घेतला. रोजची वेळ संपली की यंत्र त्याला खात्यातून बाहेर काढतं आणि तो आजींवर चिडत नाही, यंत्रावर चिडतो. आजी खूश आहेत. परवानगीच्या सूचना मेधाला सुरुवातीला रोज यायच्या, आता क्वचित. मामा आता काहीही घ्यायच्या आधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवतो.

सगळं जमलं असं मात्र नाही. अर्णव त्याच गेमचे व्हिडिओ यूट्यूबवर बघतो, हे मेधाला सप्टेंबरमध्ये कळलं. तिथे पाकिटावरच्या वयाचा प्रश्नच येत नाही, आणि बघणं हे खेळण्याइतकं नसलं तरी शिव्या त्याच आहेत. आमंत्रणात गेमचं नाव लिहायची रीत दोन वाढदिवस पाळली गेली, तिसऱ्याला विसरली. मेधा-शर्वरी बोलतात, पण चाव्या ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या आहेत.

पुन्हा अशी वेळ आली तर

मेसेजच्या आधी फोन, हे उघड आहे. पण शर्वरीची बाजूही समजून घ्यायला हवी. नवरा समुद्रावर, मूल रात्री घाबरून उठलेलं, आणि ती एकटी. तिला सकाळपर्यंत दुसरं कोणी बोलायला असतं तर तो मेसेज बहुधा गेला नसता. अशा वेळी पहिली हाक ग्रुपला जाते, कारण ग्रुप जागा असतो. शाळेच्या समुपदेशकांनी पालकसभेत पडद्याच्या वेळेवर तासभर बोलण्याऐवजी ‘दुसऱ्याच्या घरी असं घडलं तर कोणाला, कसं सांगायचं’ यावर दहा मिनिटं दिली तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

फुटबॉलच्या संघाचं वेगळं करता आलं असतं. मोसम संपेपर्यंत जुनं खातं मोठ्यांच्या समोर चालू ठेवून मग बदल केला असता, तर अर्णवला शिक्षा झाल्यासारखं वाटलं नसतं. तेव्हा सगळ्यांना प्रकरण लवकर मिटवायचं होतं. त्या घाईची गरज नव्हती, डिस्क तर घराबाहेर गेलीच होती.

अर्णवला चिडवणाऱ्या मुलांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. वाढदिवसाला खोलीत असलेल्या सहांपैकी निदान तिघांनी तो गेम आधी कुठेतरी खेळलेला होता, त्यांच्याच बोलण्यातून ते नंतर कळलं. त्यांच्या घरी मात्र एकही डिस्क उलटून पाहिली गेली नाही. बदनामी एका घराच्या वाट्याला आली आणि बाकीची घरं निश्चिंत झाली.

संकुलाजवळच्या एका गेमिंग पार्लरमध्ये तासाच्या भाड्याने हाच गेम मिळतो, वय न विचारता. प्रसाद आणि आणखी एक वडील मालकाला भेटले. बारा वर्षांखालच्या मुलांना दुपारी तो लावून देणार नाही, असं मालकाने तोंडी कबूल केलं. गणपतीच्या सुट्टीत प्रसाद सहज डोकावले, तर दोन शाळकरी मुलं तोच खेळत होती. मालक म्हणाले, “साहेब, त्यांच्या बाबांनीच फोन करून सांगितलंय, बसू द्या म्हणून.” प्रसादनी त्या मुलांच्या घरचा नंबर मागितला. मालकाने तो अजून दिलेला नाही.